अडीच ओहम

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला त्याला चार वर्षे होत आली होती, तरी नव्या कचेऱ्यांना अजून स्वतःच्या भिंती मिळाल्या नव्हत्या. विजेच्या कामांची तपासणी करणारी कचेरी एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात भरत असे. टेबलाचा खण ओढला की कागदांबरोबर तुरीची टरफले निघत, आणि दुपारचा वारा सुटला की पत्र्याच्या फटींतून बारीक भुसा गळून फायलींवर बसे. दोन वर्षांपूर्वी निवृत्ती सोनकांबळे नांदेडहून बदलून आला तेव्हा त्याला एक टेबल, एक खुर्ची, लाकडी पेटीतला एक अर्थ टेस्टर आणि एक शिक्का मिळाला. शिक्क्यावर जिल्ह्याचे नाव करकरीत होते. कडा झिजायला अजून पुष्कळ सह्या व्हायच्या होत्या.

त्याचे काम लोकांना आवडण्याजोगे नव्हते. कुठे उघड्यावर वीजजोडणी झाली की ती नियमात बसते का ते पाहायचे आणि मगच सही द्यायची. उघड्यावरच्या सॉकेटला पावसापाण्यात टिकेल अशी पेटी हवी, पेटीचे झाकण आपोआप मिटायला हवे, वायर वरून न येता खालून आत शिरायला हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग हवे. अर्थिंग म्हणजे जमिनीत माणसाच्या उंचीहून खोल खड्डा घेऊन, त्यात मीठ आणि कोळशाचे थर देऊन पुरलेला लोखंडी पाइप. यंत्राच्या अंगात वीज उतरलीच तर ती तारेवाटे या पाइपात आणि पाइपातून भुईत निघून जाते. यंत्राला हात लावणारा वाचतो. मात्र त्यासाठी भुईत ओल लागते. कोरडी भुई वीज घेत नाही.

आणि भुई तर दोन वर्षांपासून कोरडी होती. काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. निवृत्ती गावोगाव टेस्टरच्या लोखंडी खुंट्या ठोकी, दांडा फिरवी, आणि भुई विजेला किती अडवते ते काटा सांगे: पंधरा ओहम, अठरा ओहम, कुठे बावीस ओहम. पाचाच्या वर गेले की तो सही देत नसे. ‘खड्ड्यात रोज पाणी घाला’ असा शेरा मारताना त्याचे त्यालाच अवघडल्यासारखे होई. जिथे टँकरमागे माणसे घागरी घेऊन पळत होती, तिथे भुईला पाणी पाजायला सांगायचे ते कोणत्या तोंडाने?

नांदेडला ही अडचण कधी आली नव्हती. विष्णुपुरीच्या धरणावर त्याने सात वर्षे काढली. तिथे कुठेही खुंटी ठोकावी, गोदावरीची ओल हाताला लागे. तिथल्या क्वार्टरमध्येच त्याची बायको भीमा तीन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली. मुलगी किनवटच्या निवासी शाळेत शिक्षिका होती. तिचे महिन्याला एक कार्ड येई. त्यात मुलांच्या हिवतापाची आणि जंगलातल्या मोहाची खबर असे, आणि शेवटी ‘बाबा, वेळेवर जेवत जा’. तो वेळेवर जेवत असे. पण एकटा.

राहायला त्याला केवळाबाईंच्या घराची मागची खोली मिळाली होती. केवळाबाई साठीच्या विधवा. मुलगा औशाकडे शेती बघे. खोली घेताना निवृत्तीने आपले पूर्ण नाव आडनावासकट सांगितले. केवळाबाईंनी क्षणभर थांबून खोली उघडली आणि म्हणाल्या, पाणी आम्ही देऊ, तुम्ही हौदाला हात लावू नका. ते दुष्काळामुळे की आडनावामुळे, हे निवृत्तीने विचारले नाही. अशा प्रश्नांची उत्तरे त्याने लहानपणापासून इतकी ऐकली होती की विचारण्याची सवयच मोडून गेली होती. रोज सकाळी दाराशी एक भरलेली कळशी असे. तो ती उचलून आत घेई.

अशा या गावात त्याच्याशी दोन शब्द बोलणारा एकच माणूस होता, गुरुलिंग. गुरुलिंग मूळचा निलंग्याकडचा, पन्नाशीचा, परवानाधारक वायरमन. गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळात त्याचे हातभर रुंदीचे दुकान होते. पहिल्यांदा तो सहीसाठी कचेरीत आला, तेव्हा निवृत्ती टेबलाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून डबा खात होता. गुरुलिंग बाहेर पायरीवर बसून राहिला. जेवण झाल्यावर आत येऊन म्हणाला, “सायेब, भित्तीकडं बघून जेवलं की भित्तीला भूक लागती. दाराकडं तोंड करा.” निवृत्तीने सहीचे कागद पुढे ओढले. पण दुसऱ्या दिवसापासून तो खुर्ची फिरवून बसू लागला.

पुढे दर गुरुवारी दुकान लवकर मिटून गुरुलिंग निवृत्तीच्या खोलीवर येऊ लागला. निवृत्ती स्टोव्हवर चहा करी, दोघे ओट्यावर दोन काचेचे ग्लास घेऊन बसत. बोलणे कामाचेच असे: कुठल्या गावची तार सडली, कुणाच्या मोटारीने कुणाला झटका दिला. वायरमन लोक अर्थिंगला नुसते ‘अर्थ’ म्हणत, आणि गुरुलिंगला त्या शब्दाची भारी हौस. “नव्या जिल्ह्यात समदं हाय सायेब. कलेक्टर हाय, कोर्ट हाय. अर्थ तेवढा न्हाई.” आणि पावसाचे निघाले की म्हणे, “जिल्हा नवा हाय. पावसाला पत्ता गावला नसंल अजून, उस्मानाबादेत हिंडत आसंल.” भीमा गेल्यापासून निवृत्ती मोठ्याने हसला असेल तर तो या ओट्यावर.

मार्च संपता संपता जांभळवाडीला जनावरांची छावणी उभी राहिली. नाव जांभळवाडी, पण नजर जाईल तिथवर एक झाड नव्हते. छावणीत कडबा बारीक करायला विजेवर चालणारी चार कुट्टीयंत्रे बसवायची होती, आणि त्यांच्यासाठी उघड्या माळावर चार खांबांना चार सॉकेट. काम गुरुलिंगने घेतले होते. तपासणीला निवृत्ती गेला तो सकाळी नऊच्या सुमारास. छावणीवर रोजगार हमीच्या बायका होत्या, पण त्या वेळी त्या सडकेवर कडब्याचा ट्रक उतरवायला गेल्या होत्या. माळावर फक्त गुरुलिंग होता, स्वच्छ सदरा घालून आलेला.

त्याने आधी पेट्या दाखवल्या. उघड्यावर चालतील अशा लोखंडी ओतीव पेट्या लातुरात मिळेनात. सोलापूरहून मागवल्या तर महिना लागणार होता. तेव्हा गुरुलिंगने तेलाच्या डब्यांचा पत्रा दुहेरी दुमडून स्वतः पेट्या केल्या होत्या. वर उतरते छप्पर, झाकणाला स्प्रिंग, कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली, वायर खालून आत, पेटीलाही अर्थची तार जोडलेली. काम मन लावून केलेले होते, हे निवृत्तीला दिसत होते. तरी तो म्हणाला की पेटीवर कारखान्याची खूण नाही, हिच्यावर पाऊस पडल्यावर काय होईल ते मी कशावरून सांगू? गुरुलिंग आभाळाकडे बघून म्हणाला, पाऊस पडू द्या सायेब, मग पेटी गेली तरी पेढे वाटतो.

मग खुंट्या ठोकल्या. निवृत्तीने दांडा फिरवला, आणि काटा अडीच ओहमवर येऊन थांबला.

त्याने पुन्हा फिरवला. अडीच. साऱ्या जिल्ह्यात दहाच्या खाली एक आकडा नव्हता. त्याने वाकून खड्ड्याकडे पाहिले. पाइपाच्या तोंडावर पाणी ओतायला बसवलेल्या नरसाळ्याभोवती माती काळीशार ओली होती, आणि पलीकडून टँकरच्या चाकांची रेघ गेलेली होती. निवृत्तीच्या मनात जे आले ते सव्वीस वर्षांच्या नोकरीतून आले. तपासणीच्या दिवशी पहाटे खड्ड्यात चार घागरी ओतायच्या, साहेबाला चांगला आकडा दाखवायचा, साहेब गेला की खड्डा पुन्हा कोरडा. ही युक्ती त्याने इतक्या ठिकाणी पकडली होती की ओली माती दिसली की त्याला दुसरे काही दिसतच नसे. आणि इथे तर ज्याने हे केले तो त्याच्या ओट्यावर चहा प्यायचा. ओळखीचा फायदा घेतला, असे त्याला वाटले.

त्याने टेस्टर पेटीत ठेवला. तपासणीच्या कागदावर त्याने दोन शेरे लिहिले. पहिला पेट्यांबद्दल होता. दुसरा असा: मापनापूर्वी खड्डा मुद्दाम ओला केल्याचा दाट संशय आहे, प्रत परवाना मंडळाकडे पाठवावी. मग वाचल्याची सही घेण्यासाठी त्याने कागद गुरुलिंगपुढे धरला.

गुरुलिंगने चष्मा लावून शेरा वाचला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्याने निवृत्तीच्या तोंडाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, जणू अजून काही विचारले जाणार आहे आणि आपण थांबले पाहिजे. निवृत्तीने पेनाचे टोपण काढून दिले. गुरुलिंगने सही केली, चष्मा खिशात ठेवला आणि सायकल घेऊन निघून गेला.

त्या गुरुवारी तो आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. निवृत्तीने दोन्ही वेळा दोन माणसांचे आधण ठेवले, आणि दोन्ही वेळा दुसरा ग्लास फळीवरच राहिला. कचेरीत एका कारकुनाने सहज सांगितले की परवाना मंडळाची नोटीस गुरुलिंगला पोचली; उत्तर समाधानकारक नसेल तर परवाना जाईल. परवाना गेला की या वयात त्याला दुसऱ्याच्या हाताखाली तारा ओढाव्या लागणार. निवृत्तीने मान हलवली आणि पुढची फाईल घेतली. आपण नियमाने वागलो, हे त्याने स्वतःला दिवसातून कितीतरी वेळा सांगितले. खरे असते तर एकदा सांगून भागले असते.

त्याची खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली होती. कधी वळली, ते त्याला आठवेना.

शेवटी त्याने ठरवले की खात्री करून घ्यायची. न कळवता जायचे. खड्डा कोरडा निघेल, आकडा वीसच्या घरात जाईल, आणि मनातली ही टोचणी एकदाची निघेल. तपासणीला सोळा दिवस झाले होते. टेस्टरची पेटी खांद्याला आणि पिण्याच्या पाण्याची छागळ हाताला अडकवून तो एसटीने निघाला आणि फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालत दुपारी बारा वाजता छावणीवर पोचला. जोडणीला परवानगी नसल्याने यंत्रे पोत्यांखाली झाकलेली होती. दावणीला म्हातारी जनावरे उभा कडबा नुसता चघळत होती, आणि बायका विळ्यांनी कडबा तोडत होत्या. एकीच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

निवृत्तीने कुणाला काही न सांगता खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, दांडा फिरवला.

अडीच ओहम.

त्याने खुंट्या उपटल्या, दहा पावले पुढे ठोकल्या. अडीच. दिशा बदलली. दोन आणि अडीचच्या मध्ये काटा थरथरला आणि अडीचवर बसला. उन्हात उभ्या उभ्या त्याच्या कानशिलांतून घाम निथळू लागला. इतक्यात त्याच्या मागे बांगड्या वाजल्या. हातात फडके, फडक्यात भाकरी, अशा तेरा-चौदा बायका त्याच्याभोवती येऊन उभ्या होत्या. पुढची उंच, सावळी, कपाळ मोकळे. नंतर कळले की तिचे नाव चांगुणा, आणि बायकांच्या टोळीची मुकादम तीच.

“सायेब, जरा सरका. जेवायची येळ झाली.”

निवृत्ती म्हणाला की जेवायला सावली तिकडे आहे, पत्र्याखाली. इथे उन्हात कशाला?

“सावली तिकडं हाय,” चांगुणा म्हणाली, “पन हात हितं धुवायचा हाय.”

त्याला कळले नाही. मग त्या बसल्या आणि त्याने पाहिले. अर्थिंगच्या खड्ड्याभोवती त्या गोल बसल्या, जशा सगळ्याजणी मिळून एखाद्या परातीभोवती बसतात. प्रत्येकीने तांब्यातले ओंजळभर पाणी घेऊन आधी हात धुतले, आणि प्रत्येकीचा हात त्या लोखंडी नरसाळ्यावर होता. एक थेंब बाहेर गेला नाही.

चांगुणाने सांगितले ते असे. खड्डा खणला त्याच दिवशी गुरुलिंगअप्पा त्यांच्यात येऊन बसले. म्हणाले, कुट्टीच्या यंत्राला दिवसभर तुमचेच हात लागणार. हा खड्डा तहानलेला राहिला तर एक दिवस ते यंत्र तुमच्या हाताला चावेल. पण मी तुमच्या वाटच्या घागरीतले पाणी मागत नाही, ते मागायचे माझे तोंड नाही. तुम्ही दोन वेळा खाता, चार वेळा हात धुता. ते तेवढे इथे धुवा. तेव्हापासून चौदा बायकांचे हात, चौदा बायकांच्या चुळा आणि भांडी विसळलेले पाणी रोज या खड्ड्यात जात होते.

सरजाबाई नावाची एक म्हातारी तोंडात घास धरून म्हणाली, “म्या इचारलं, अप्पा, माज्या तोंडचं पानी चालतंय का? तर म्हनले, लई चालतंय. तुजं तोंड आधीच खारट हाय, मिठाचं पोतं वाचंल.”

बायका हसल्या. निवृत्ती हसला नाही. त्याला तो सकाळचा माळ आठवत होता, स्वच्छ सदरा आणि चष्म्यातून बराच वेळ आपल्याकडे पाहणारे दोन डोळे. टँकर तर छावणीच्या जनावरांसाठी रोजच येत असणार. एवढे साधे विचारायचे होते. विचारले असते तर सांगायला या चौदाजणी अर्ध्या किलोमीटरवर, सडकेवरच होत्या.

चांगुणाने भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवून त्याच्यापुढे केली. त्याने डबा आणला आहे म्हणून सांगितले. ती म्हणाली, डबा संध्याकाळी खा. तो बसला. त्याला जागा देण्यासाठी दोघीजणी सरकल्या, आणि पंधराव्या माणसाने गोल पुरा झाला. कित्येक महिन्यांत तो असा माणसांच्या खांद्याला खांदा लावून जेवला नव्हता. भाकरी कोरडी होती, ठेचा जाळ होता. खाताना चांगुणाने विचारले की जोडणी कशाला अडली आहे. अप्पांचे काही चुकले का? बाया बोटे तोडून घेत आहेत.

“अप्पांचं नाही चुकलं,” निवृत्ती म्हणाला. “माझं चुकलं.”

तिने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. त्याने नरसाळ्यावर हात धुतला.

मग तो पेट्यांकडे वळला. पहिला शेरा अजून उभाच होता, आणि चूक कबूल केली म्हणून पेटी न पाहता सही द्यायची, हे त्याला जमण्यातले नव्हते. नियमाचे पुस्तक त्याने रात्र रात्र वाचलेले होते. त्यात पावसापाण्यात टिकेल अशी बांधणी हवी एवढेच म्हटले होते, कारखान्याचे नाव कुठे नव्हते. त्याने वहीचा एक कागद फाडून चार तुकडे केले, प्रत्येक पेटीत एक तुकडा ठेवून झाकण सोडले. मग छागळीचे बूच काढले.

“आवं, प्यायचं पानी हाय ते,” चांगुणा म्हणाली.

“पाऊस पडल्यावर काय होतं ते बघायचं आहे.”

चांगुणाने एक घमेले आणले आणि खांबाखाली धरले. निवृत्तीने छागळ उंच धरून पेटीच्या छपरावर, कडांवर, झाकणाच्या सांध्यावर सगळीकडून पाणी सोडले. पत्र्यावर ते वाजले. दावणीच्या एका बैलाने त्या आवाजाला मान वर केली. एकेका खांबाखाली घमेले फिरत गेले, आणि शेवटी त्यात साठलेले पाणी सरजाबाईने नरसाळ्यात ओतले.

तीन पेट्यांतले कागद कोरडे निघाले. चौथीतला कोपऱ्याला भिजला होता. निवृत्तीने तो बोटांत धरून पाहिला. हा कागदही कोरडा असता तर त्याला किती बरे वाटले असते! पण तो भिजला होता. त्याने चौथ्या पेटीचे झाकण स्क्रू काढून सोडवले, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले आणि तीन खांबांच्या जोडणीला तिथेच सही दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने परवाना मंडळाला दुसरे पत्र लिहिले. मसुदा त्याने कारकुनाला दिला नाही, स्वतः लिहिला. माझा संशय निराधार होता. पुनर्मापनात आकडा कायम राहिला. संबंधित वायरमनने पाण्याची जी व्यवस्था केली ती या जिल्ह्यात मी पाहिलेली सर्वांत चांगली आहे. पत्र टपालात टाकून तो झाकण घेऊन गंजगोलाईच्या मागच्या बोळात गेला.

गुरुलिंग पितळी पिन कानशीने घासत होता. त्याने वर पाहिले, स्टुलावरच्या तारा उचलून जागा केली. निवृत्तीने सगळे सांगितले: छावणीवर गेलो, बायकांबरोबर जेवलो, मंडळाला पत्र धाडले. गुरुलिंग ऐकत होता आणि कानस चालत होती. झाल्यावर त्याने पिन उजेडात धरून पाहिली.

“पत्र दिलं, बरं केलं,” तो म्हणाला. “पयलं चार दिसांत पोचलं. दुसरं कवा पोचतंय बघू.”

“माझी चूक झाली, गुरुलिंगअप्पा.”

“चूक व्हतीया सायेब. माज्या हातनं काय कमी झाल्या का? शेरा मारला त्याचा राग न्हाई.” त्याने कानस खाली ठेवली. “मी हुबा व्हतो तितं. तुमी इच्यारताल म्हनून हुबा व्हतो. दोन साल मी तुमच्या हातचा चहा प्यालो, आन तुमाला येक शबुद इच्यारावा वाटला न्हाई.”

निवृत्तीला त्या वेळी पुष्कळ सांगता आले असते. विचारल्यावर काय ऐकावे लागते ते आधीच ठाऊक असलेल्या घरात तो वाढला, शाळेत, वसतिगृहात, कचेरीत न विचारताच समजून घेत आला, हे सांगता आले असते. पण दुखावलेल्या माणसापुढे आपले दुखणे काढून ठेवायचे, हे त्याला बरे वाटले नाही. त्याने पिशवीतून झाकण काढून फळीवर ठेवले आणि चौथ्या पेटीत पाणी शिरले म्हणून सांगितले.

गुरुलिंगने ते उलटेपालटे केले, ट्यूबच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्यात पट्टी गव्हाच्या दाण्याएवढी कमी पडली होती. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलले.

“खरं हाय. हितं चुकलो मी.” त्याने कात्री शोधली. “उद्या बशीवतो.”

“गुरुवारी येणार का?”

“बघू,” गुरुलिंग म्हणाला. त्याने मान खाली घालून ट्यूब कापायला घेतली, आणि निवृत्ती थोडा वेळ स्टुलावर बसून उठला.

गुरुवारी त्याने दोन माणसांचे आधण ठेवले. दोन ग्लास ओट्यावर मांडले. उन्हे कलली, समोरच्या बोळातून सायकली गेल्या, त्यातल्या दोन-तीन त्याला ओळखीच्या वाटल्या आणि पुढे निघून गेल्या. पातेल्यातल्या चहावर साय धरली. त्याने आपल्या ग्लासात ओतून घेतला आणि प्याला.

या घरालाही एक अर्थिंगचा खड्डा होता, मागच्या भिंतीशी, मीटरच्या खाली. निवृत्तीने तो आल्या दिवशीच पाहिला होता आणि मग कधीच पाहिला नव्हता. आता त्याने त्यावरचा दगड बाजूला केला. नरसाळ्यात कोळ्याचे जाळे होते. तो ग्लास घेऊन तिथे उकिडवा बसला, तेव्हा केवळाबाई मागच्या दारात आल्या.

“काय करायलात, सोनकांबळे?”

त्याने सांगितले की खड्डा कोरडा आहे. घरात कुणाला झटका बसू नये म्हणून विसळलेले पाणी इथे टाकतो. त्यांनाही भांड्यांचे पाणी इथेच टाकता येईल. केवळाबाईंनी हो म्हटले. त्या आत वळल्या, तेव्हा त्याने हाक मारली.

“बाई, तुम्ही म्हणाला होतात, हौदाला हात लावू नका. ते कशामुळं?”

त्या चौकटीला हात धरून उभ्या राहिल्या. उजेड मागून असल्याने त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

“तवा पाणी कमी व्हतं,” त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, “लई कमी व्हतं.” आणि आत गेल्या.

आता तर त्याहून कमी होते. निवृत्तीला या उत्तराचे काय करावे ते कळले नाही. पण ते त्याने मनात रचलेले नव्हते, बाईंच्या तोंडून ऐकलेले होते. त्याने कळशीतले ओंजळभर पाणी घेऊन ग्लास विसळला आणि ते नरसाळ्यात सोडले. खड्ड्याने ते आवाज न करता घेतले. मग तो उठून ओट्यावर गेला आणि दुसरा ग्लास घेऊन आला. तो वापरला नव्हता. तरी त्याने तो विसळला, आणि तेही पाणी तिथेच ओतले.